तीन बोटांची खूण

दिवाळीच्या सुमारास आमच्या जिल्ह्यात दोन गडबडी एकाच वेळी चाललेल्या असतात. घरोघरी करंजीचे सारण भाजण्याचा वास सुटलेला असतो, आणि त्याच दिवसांत गावाबाहेर ऊसतोडीला निघालेल्या टोळ्यांचे ट्रक भरले जात असतात. ट्रकमध्ये भांडी, ज्वारीची पोती, बाजा, शेळ्या, लेकरे आणि त्या सगळ्यांवर कशाबशा बसलेल्या बाया. माझी धाकटी मावशी गंगाखेडच्या बाजूची. तिने अशा चौदा दिवाळ्या ट्रकमध्ये काढल्या. तेव्हा सणाच्या अंकात मी हा विषय कोठून काढला, असे वाचकांनी विचारू नये. माझ्या घरी हा विषय सणालाच येतो.

विषय आहे बाईच्या ‘पिशवीचा’. शहरात त्याला गर्भाशय म्हणतात, दवाखान्यात आणखी काही म्हणतात. पिंगळीत पिशवीच म्हणतात. ‘तिची पिशवी काढली’ हे वाक्य आमच्याकडे ‘तिने दाढ काढली’ इतक्या सहज उच्चारले जाते. माझे शिक्षण जुन्या माणसांच्या भाषेत मॅट्रिकपर्यंत झालेले. लहान मुलांना शिकवते, आणि दोनतीन कादंबऱ्या लिहिल्या आहेत, एवढीच माझी विद्वत्ता. पण गेल्या वर्षी माझ्यावरच ही शस्त्रक्रिया झाली आणि सहा आठवडे जड उचलण्याची बंदी आली. घागर उचलायची नाही, म्हणून मी पुस्तके उचलली. त्या वाचनात जो इतिहास हाती लागला तो माझ्या कोणत्याही कादंबरीपेक्षा विलक्षण निघाला. तो सांगण्यासाठीच हा लेख.

या इतिहासाच्या आरंभी एक कष्टकरी बाई आहे. इंग्लंडातील फेथ हॅवर्थ ही शेहेचाळीस वर्षांची खेडूत बाई. काळ १६७० चा. ती कोळशाचे ओझे वाहत असे. ओझ्याने तिचे अंग बाहेर येई. आमच्याकडच्या बायांना याचा अर्थ सांगावा लागत नाही. पुन्हा पुन्हा होणाऱ्या त्या त्रासाला कंटाळून एके दिवशी तिने स्वतःच्या हाताने, साध्या सुरीने ते कापून टाकले. ती जगली, पुष्कळ वर्षे जगली. पण लघवीवरचा ताबा कायमचा गेला. पर्सिव्हल विलुबी नावाच्या वैद्याने ही हकिकत टिपून ठेवली, म्हणून तिचे नाव उरले. डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. साडेतीनशे वर्षांपूर्वीची ही बाई मला परकी वाटली नाही.

१८१३ मध्ये जर्मनीतील गोटिंगेन येथे कोन्राड लांगेनबेक याने खालच्या मार्गाने, म्हणजे पोट न फाडता, गर्भाशय काढले. भुलेचा शोध लागायचा होता. मदतनीस म्हणून आलेल्या डॉक्टरला संधिवाताने खुर्चीतून उठवेना. रक्ताची धार लागली तेव्हा लांगेनबेकने एका हाताने ती दाबून धरली, दुसऱ्या हाताने दोरा घातला आणि गाठ दाताने ओढली! रोगी बरी झाली. पण काढलेला अवयव हरवला, आणि ती वृद्ध बाई भ्रमिष्ट असल्यामुळे तिची साक्षही कोणी धरीना. सहव्यावसायिकांनी लांगेनबेकला थापाड्या ठरवले. सव्वीस वर्षांनी ती वारली, शवविच्छेदन झाले, तेव्हा कोठे तो खरा ठरला.

पोट उघडून आतली गाठ काढण्याचे धाडस मात्र त्याआधीच, १८०९ च्या डिसेंबरात, अमेरिकेतील केंटकी प्रांतात झाले होते. जेन टॉड क्रॉफर्ड ही चाळिशी उलटलेली बाई. पोट एवढे वाढलेले की गावच्या डॉक्टरांना वाटले, दिवस भरून गेलेली जुळी आहेत. एफ्राइम मॅकडॉवेल याने तपासून सांगितले की, हा गर्भ नव्हे, अंडाशयाची गाठ आहे. पुढे त्याने जे केले ते मला त्याच्या सुरीहून मोठे वाटते. त्याने त्या बाईला तिच्या प्रकृतीचा धोका सांगितला. अशी शस्त्रक्रिया यशस्वी झाल्याचे आपण कधी ऐकलेले नाही, हेही सांगितले. आणि हा प्रयोग करून घ्यायची तयारी असेल तर डॅनव्हिलला ये, म्हणाला. ती ऐन हिवाळ्यात साठ मैल घोड्यावरून आली. भूल नाही. नऊ इंचांचा छेद. पंचवीस मिनिटे ती भक्तिगीते म्हणत होती. साडेबावीस पौंडांचा भार निघाला, म्हणजे सुमारे दहा किलो. पाचव्या दिवशी मॅकडॉवेल पाहायला गेला तो बाईसाहेब आपले अंथरूण आवरीत होत्या! पंचवीस दिवसांनी ती घरी परतली आणि पुढे बत्तीस वर्षे जगली. ही शस्त्रक्रिया गर्भाशयाची नव्हती. पण पोट उघडूनही माणूस जगते, हे हिने जगाला दाखवले.

गर्भाशयाची पाळी १८४३ मध्ये मँचेस्टरला आली, तीही चुकून. चार्ल्स क्ले अंडाशयाची गाठ काढायला निघाला होता. रोग्याला खोकला आला आणि छेदातून बाहेर आली ती गर्भाशयाची गाठ. ती परत आत ढकलता येईना. त्याने गर्भाशय काढले. बाई रक्तस्रावाने गेली. दहा वर्षांनी, १८५३ मध्ये, अमेरिकेतील लोवेल गावी वॉल्टर बर्नहॅमकडेही असाच प्रकार घडला. फरक इतकाच की या वेळी बाईला उलटी झाली, आणि ही बाई जगली. पोटाकडून गर्भाशय काढल्यावर वाचलेली ती पहिली म्हणून गणली जाते. या यशाने धीर येऊन बर्नहॅमने आणखी पंधरा जणींवर तीच शस्त्रक्रिया केली. त्यांतल्या तीनच वाचल्या. इतिहासाच्या पुस्तकांत पहिलीचा गौरव असतो. त्या बारा जणींचा विचार मला अंथरुणावर पडल्या पडल्या बराच वेळ छळीत होता.

मग एकेक वैरी मागे हटत गेला. १८४६ मध्ये ईथर आणि पुढच्याच वर्षी क्लोरोफॉर्म आला, वेदना हटली. १८६७ मध्ये लिस्टरने जंतुनाशकाची पद्धत मांडली; जखम सडण्याचे थांबू लागले. १८७८ मध्ये ब्रेस्लाऊच्या विल्हेल्म फ्रॉइंडने कर्करोगासाठी पोटाकडून संपूर्ण गर्भाशय काढण्याची पद्धतशीर रीत घालून दिली. विसाव्या शतकाच्या आरंभी लॅन्डस्टायनरने रक्तगट शोधले, आणि पुढे बाहेरून रक्त देणे शक्य झाले.

या कथेत आमच्या मुलखाचाही एक धागा आहे, तो सापडला तेव्हा मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या राज्याच्या राजधानीत, हैदराबादच्या अफजलगंज दवाखान्यात, एडवर्ड लॉरी नावाच्या डॉक्टरने १८८८ आणि १८८९ मध्ये दोन क्लोरोफॉर्म मंडळे भरवली. भुलेने माणूस दगावतो तो हृदय थांबून की श्वास थांबून, हा वाद तेव्हा जगभर चालला होता. निजाम सरकारने खर्च उचलला, आणि लंडनहून लॉडर ब्रन्टन हा नामांकित डॉक्टर मुद्दाम हैदराबादेस आला. ‘हृदयाला भय नाही, श्वासाकडे लक्ष ठेवा’ हा मंडळाचा निष्कर्ष पुढे पुरता टिकला नाही. क्लोरोफॉर्म हृदयालाही दगा देतो, हे नंतर सिद्ध झाले. पण त्याच हैदराबादेत रूपाबाई फर्दुनजी नावाची पारशी तरुणी डॉक्टरी शिकली आणि रोग्यांना क्लोरोफॉर्म देऊ लागली. भूल देणाऱ्या जगातील पहिल्या स्त्री डॉक्टरांत तिची गणना होते. इकडे मुंबईत १८८६ मध्ये बायकांसाठी कामा हॉस्पिटल उघडले. तेथे एडिथ पेची ही बाईच मुख्य डॉक्टर होती. पुरुष डॉक्टरापुढे तोंड न उघडणाऱ्या बायकांना आपले दुखणे सांगायला पहिल्यांदा एक जागा मिळाली.

आता छेदाविषयी. पूर्वी पोट उभे फाडीत, बेंबीपासून खाली. १९०० मध्ये जर्मनीतील फानेनश्टील याने ओटीपोटाच्या खालच्या घडीत आडवा छेद घेण्याची रीत प्रसिद्ध केली. त्या छेदाने पोटाची भिंत मजबूत राहते, पुढे आतडे बाहेर डोकावण्याचे भय कमी होते आणि व्रण झाकला जातो. १९८८ मध्ये अमेरिकेत हॅरी राइशने दुर्बिणीच्या साहाय्याने गर्भाशय काढले. आता तर छेद म्हणजे नुसती भोके. पण दुर्बिणीला पोटात वायू भरावा लागतो, महागडी यंत्रे लागतात, हात बसायला वर्षे लागतात. तालुक्याच्या गावी हे सगळे कोठून आणायचे? तेव्हा काही शल्यवैद्यांनी मधली वाट काढली. आपल्याकडे कुटुंबनियोजनाच्या शिबिरांमुळे ‘टाक्याचे’ आणि ‘बिनटाक्याचे’ असे दोन शब्द खेड्यापाड्यांत रूढ आहेत. त्यांतल्या टाक्याच्या शस्त्रक्रियेत एवढ्याशा छेदातून नळ्या बांधतात. त्याच मापाच्या जवळपासच्या, चार ते सहा सेंटिमीटरच्या छेदातून गर्भाशयही काढता येते, असे अनुभवाला आले.

ही गंमत समजून घेण्यासारखी आहे. स्नायू कापायचे नाहीत, बोटांनी बाजूला सारायचे. खालून एका उपकरणाने गर्भाशय वर, छेदाच्या तोंडाशी आणायचे. पोटाची कातडी लवचिक असते. ती खिडकीसारखी कधी डावीकडे, कधी उजवीकडे सरकवायची आणि समोर येईल तेवढ्याच भागावर काम करायचे. गाठ मोठी असेल तर ती तुकड्यांनी काढायची; मात्र कर्करोग नाही याची खात्री आधी करून घ्यायची, नाहीतर रोग पोटभर पसरण्याचे भय. पोट फार जाड असेल, आधीच्या शस्त्रक्रियांनी आतडी चिकटलेली असतील, गर्भाशय फारच मोठे असेल, तर ही वाट बंद. आणि जिथे शक्य असेल तिथे खालच्या मार्गाने काढणे हेच सर्वांत हलके, असे जाणते डॉक्टर आजही म्हणतात. म्हणजे लांगेनबेकची ती दाताने बांधलेली गाठ अजून सुटलेली नाही!

नऊ इंचांवरून दोन इंचांवर, असा हा प्रवास. येथवर आले तेव्हा मला वाटले, झाला माझा लेख. पण मावशीचा व्रण डोळ्यांपुढून हलेना.

मावशीला एकतिसाव्या वर्षी अंगावरून पांढरे जाऊ लागले, कंबर धरू लागली. उसाच्या फडात नवराबायको मिळून एक ‘कोयता’ धरतात. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते. एक दिवस फडात गेले नाही तर ‘खाडा’ पडतो आणि त्याचे पैसे कापले जातात. पाळीच्या चार दिवसांत ना पाणी, ना आडोसा. ती एका खाजगी दवाखान्यात गेली. नाव सांगत नाही. तेथे तिला पाच मिनिटांत सांगण्यात आले की, पिशवी खराब झाली आहे, काढली नाही तर कॅन्सर होईल. कॅन्सर हा शब्द ऐकल्यावर कोण वाद घालील? मुकादमाकडून आणखी उचल घेतली, पिशवी काढली, आणि ती फेडायला तिने आणखी हंगाम केले. बेंबीपासून खाली वीतभर व्रण राहिला. दोन्ही अंडाशयेही काढली होती, हे तिला कळले ते पुष्कळ वर्षांनी. अंडाशये गेली की शरीर एका दिवसात म्हातारपणाच्या वाटेला लागते. हाडे ठिसूळ होतात, हृदयालाही धोका वाढतो. पस्तिशीत मावशीचे गुडघे आणि कंबर गेली. आम्ही तिला म्हणत होतो, ‘मावशी, तुला कामाची सवय राहिली नाही.’ हे वाक्य आठवले की आजही मान खाली जाते.

मावशी एकटी नव्हती. २०१९ मध्ये शेजारच्या बीड जिल्ह्यातील ऊसतोड बायांविषयी एवढा गवगवा झाला की, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. ८२,३०९ बायांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे सहांत एक. देशभरच्या कुटुंब आरोग्य पाहणीत हेच प्रमाण पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायांत शंभरात तीनच्या आसपास आहे. पुढे बीडमध्ये अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचा नियम झाला. केंद्र सरकारने २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना त्या तीन महिन्यांत अमलात आणण्यास सांगितले.

गर्भाशय काढणे हे पाप आहे, असे मी म्हणत नाही. कर्करोगात, न थांबणाऱ्या रक्तस्रावात, मोठ्या गाठींत ही शस्त्रक्रिया बायकांचे प्राण वाचवते. पण त्याच विद्येला दुसरी बाजूही आहे, ती राखण्याची. आणि तिच्यात आपली मराठी माणसे फार मोठी. गोव्याच्या शिरोड्यात जन्मलेल्या डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकरांनी १९५५ मध्ये गर्भाशयाच्या तोंडाला टाका घालून पडणारे गर्भ टिकवण्याची रीत जगापुढे मांडली. आजही जगभर तो ‘शिरोडकर टाका’ म्हणूनच ओळखला जातो. तरुण बाईचे अंग बाहेर येत असेल तर गर्भाशय न काढता ते वर बांधून देण्याच्या रीती शिरोडकरांनी आणि मुंबईच्या डॉ. पुरंदऱ्यांनी बसवल्या. तिकडे लंडनमध्ये व्हिक्टर बॉनी याच्या पत्नीचे गर्भाशय लग्नानंतर थोड्याच काळात गाठींमुळे काढावे लागले होते, आणि त्यांना मूल झाले नाही. बॉनीने मग आयुष्यभर फक्त गाठी काढून गर्भाशय राखण्याचा हट्ट धरला. घरातले दुःख विद्येत उतरले ते असे.

आता थोडे माझे. बेचाळिसाव्या वर्षी माझ्या अंगावर इतके जाऊ लागले की फळ्यापाशी उभे राहवेना. हिमोग्लोबिन सातावर आले. पहिल्या डॉक्टरने सोनोग्राफीचा कागद पाहून विचारले, ‘मुले किती?’ मी म्हटले, ‘दोन.’ ‘मग पिशवी ठेवून काय करायची आहे? लहानसा छेद. तिसऱ्या दिवशी घरी.’ मला मावशी आठवली आणि मी उठले. दुसऱ्या एका बाई डॉक्टरांकडे गेले. त्यांनी आतल्या अस्तराचा तुकडा तपासायला पाठवला, कर्करोग नव्हता. गोळ्या दिल्या, लोह दिले, सहा महिने वाट पाहिली. गाठी वाढतच राहिल्या, रक्त जातच राहिले. तेव्हा त्या म्हणाल्या, ‘आता काढावी असे मला वाटते. अंडाशये चांगली आहेत, ती ठेवू. पण तुम्ही घरी जाऊन विचार करा.’ एकदा नव्हे, तीनदा त्यांनी मला असे घरी पाठवले. मग मीच जाऊन तारीख मागितली.

दोन्ही डॉक्टरांनी सांगितलेला छेद एवढाच होता. वाचकहो, हीच गोष्ट मला सांगायची आहे. दीडशे-दोनशे वर्षे छेद लहान होत आला, याबद्दल त्या शल्यवैद्यांना आणि त्यांच्या हाताखाली जगलेल्या-मेलेल्या बायांना नमस्कार. परंतु छेद लहान झाला की निर्णयही लहान वाटू लागतो. ‘एवढासा तर छेद’ म्हणून जे विचारायचे ते विचारायचे राहून जाते. नऊ इंचांच्या छेदाआधी, दवाखाना नसलेल्या अरण्यात, मॅकडॉवेलने जेन क्रॉफर्डला सगळे सांगितले होते. आमच्याकडे आता रेल्वे आहे, दवाखाने आहेत, २०२३ पासून परभणीला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही झाले. पाच मिनिटे जास्त बोलायला तेवढी सवड मिळत नाही.

शस्त्रक्रियेनंतर पंधरवड्याने मावशी मला पाहायला आली. पूर्णेहून येणाऱ्या पॅसेंजरने नव्हे, जावयाच्या मोटरसायकलवर, गुडघे धरीत. घरात पुरुषमाणूस नाही असे पाहून तिने माझा पदर सरकवला आणि व्रणावर बोटे ठेवली. तीन बोटे बसली. मला वाटले, आता आपल्या व्रणाची गोष्ट काढील, लांबीची तुलना करील. तिने तसे काही केले नाही.

‘तुला इचारलं व्हतं का गं, माय?’ तिने हळूच विचारले.

‘हो मावशी. तीनदा.’

ती बराच वेळ गप्प राहिली. मग पदर नीट सारखा करीत म्हणाली, ‘चांगलं झालं. मला कुणी एकडावबी इचारलं न्हाई.’

यंदा तिची नात टोळीबरोबर जाणार नाही. ती दहावीला आहे, आणि दिवाळीच्या सुट्टीत माझ्याकडे राहायला आली आहे. आत्ता मी हे लिहीत आहे तेव्हा ती स्वयंपाकघरात करंज्यांच्या कडा कातीत बसली आहे. बाहेर रस्त्याने एक भरलेला ट्रक गेला. तिने मान वर करून पाहिले, आणि पुन्हा कातण फिरवू लागली.